आठशे पानांची यादी आणि दोन आठवड्यांची मुदत

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर एफबीआयला संशयितांची छायाचित्रे देशभरातल्या आपल्या कचेऱ्यांना पाठवायची होती. ती ई-मेलने पाठवण्याची सोय नव्हती, म्हणून जलद टपालाने धाडावी लागली. रॉबर्ट म्यूलर यांनी संचालकपद स्वीकारून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या तपास यंत्रणेचा कारभार किती जुन्या साधनांवर चालतो, हे त्यांना पहिल्याच परीक्षेत दिसले.

तपासाच्या नोंदींची स्थितीही तशीच होती. १९९५ पासून 'ऑटोमेटेड केस सपोर्ट' नावाची प्रणाली वापरात होती. माउस नसलेल्या हिरव्या अक्षरांच्या पडद्यावर एकामागून एक कळा दाबत माहिती भरावी लागे. एजंट अहवाल कागदावर तयार करीत, वरिष्ठ त्यावर सही करीत, आणि नंतर तो मजकूर संगणकात जाई. अस्सल नोंद म्हणजे कागदच. याचे परिणाम गंभीर होते. मे २००१ मध्ये ओक्लाहोमा सिटी बॉम्बस्फोटातील दोषी टिमोथी मॅकव्हे याच्या मृत्युदंडाची तारीख पुढे ढकलावी लागली, कारण खटल्याशी संबंधित तीन हजारांहून अधिक पाने बचाव पक्षाला दिलीच गेली नव्हती. ती वेगवेगळ्या कचेऱ्यांत पडून होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत पकडला गेलेला, रशियासाठी हेरगिरी करणारा एजंट रॉबर्ट हॅन्सन हीच प्रणाली चाळून आपल्यावर संशय आहे का, याचा अदमास घेत असे.

नवी प्रणाली हवी, याबद्दल दुमत नव्हते. ती प्रत्यक्षात यायला मात्र अकरा वर्षे, दोन मोठे प्रकल्प आणि साठ कोटी डॉलरच्या आसपास पैसा लागला. पहिला प्रकल्प संपूर्ण टाकून द्यावा लागला. दुसरा अर्ध्यावर अडकला, पद्धत बदलली आणि तडीस गेला. पारंपरिक वॉटरफॉल पद्धत आणि अजाईल पद्धत यांची तुलना करताना सॉफ्टवेअर क्षेत्रात हे उदाहरण नेहमी दिले जाते. पण त्याचा अर्थ बहुधा फार घाईने लावला जातो. तो नीट लावायचा, तर आधी तीस वर्षे मागे जायला हवे.

एका आकृतीचा प्रवास

१९६० च्या दशकात संगणक झपाट्याने मोठे झाले आणि त्यांच्याकडून होणाऱ्या अपेक्षा त्याहून मोठ्या झाल्या. आयबीएमने एप्रिल १९६४ मध्ये सिस्टम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्या ऑपरेटिंग सिस्टमला इतका उशीर झाला, की त्या कामाची धुरा वाहिलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये त्या अनुभवावर पुस्तक लिहिले. उशीर झालेल्या प्रकल्पात आणखी माणसे घातली तर उशीर वाढतो, हा त्यांचा निष्कर्ष आजही प्रत्येक मॅनेजरच्या तोंडी असतो. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या पुढाकाराने तज्ज्ञांची परिषद भरली. पूल आणि कारखाने ज्या शिस्तीने उभे राहतात, ती शिस्त सॉफ्टवेअरला कशी लावायची, हा तिथला विचार होता.

ही शिस्त अभियंत्यांना अपरिचित नव्हती. ड्यूपाँ कंपनीने १९५७ च्या सुमारास क्रिटिकल पाथची रीत वापरात आणली. पाठोपाठ अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट हे तंत्र बसवले. काम तुकड्यांत मोडायचे, कोणता तुकडा कोणत्यावर अवलंबून आहे ते आखायचे, प्रत्येकाला मुदत द्यायची आणि आराखडा पक्का झाल्यावरच बांधकामाला हात घालायचा. काँक्रीट एकदा ओतले, की खांब सरकवता येत नाही. अशा कामात आधी पूर्ण विचार करणे हाच शहाणपणा. सॉफ्टवेअरमध्येही चूक जितकी उशिरा सापडेल तितकी ती निस्तरणे महाग पडते, हे बॅरी बोहेम यांनी पुढे आकडेवारीने मांडले. म्हणजे पारंपरिक पद्धतीचा पाया खऱ्या अनुभवाचा होता. ती नोकरशाहीच्या हट्टातून जन्मली, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

ऑगस्ट १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या वेस्कॉन परिषदेत विन्स्टन रॉइस यांनी एक छोटा निबंध वाचला. रॉइस टीआरडब्ल्यू कंपनीत अंतराळयानांसाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरचे काम पाहत. त्यांच्या निबंधात एक आकृती होती. वरच्या डाव्या कोपऱ्यात गरजांची नोंद, मग विश्लेषण, मग रचना, मग कोडिंग, मग टेस्टिंग आणि शेवटी वापर. एकेक पायरी उतरत काम खाली येते. वॉटरफॉल म्हणून जगभर शिकवली गेलेली आकृती ती हीच.

रॉइस यांनी ती आकृती आदर्श म्हणून काढलेली नव्हती. टप्प्यांची कल्पना त्यांना मान्य होती, पण नुसती अशी सरळ उतरंड धोक्याची आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारी आहे, असे त्यांनी पुढच्याच ओळींत बजावले होते. सॉफ्टवेअर प्रत्यक्ष चालवून पाहण्याची वेळ टेस्टिंगमध्ये, म्हणजे अगदी शेवटी येते. तिथे मूळ रचनेतली चूक निघाली, तर खर्च आणि वेळ दुप्पट होऊ शकतो, हा त्यांचा मुद्दा. उपाय म्हणून त्यांनी पाच गोष्टी सुचवल्या. त्यांतली एक अशी, की काम दोनदा करा. तीस महिन्यांचा प्रकल्प असेल, तर सुरुवातीचे दहा महिने एक छोटा नमुना बांधून चुका शिकण्यात घाला. दुसरी, ग्राहकाला शेवटपर्यंत कामात गुंतवून ठेवा. त्याचबरोबर भरपूर आणि काटेकोर दस्तऐवज हवेत, असाही त्यांचा आग्रह होता. आज ज्यांना परस्परविरोधी मानतात, त्या दोन्ही पद्धतींची बीजे या एकाच निबंधात सापडतात.

निबंधातला इशारा मागे राहिला आणि आकृती पुढे गेली. ती सोपी होती, भिंतीवर लावता येत होती आणि मुख्य म्हणजे करारात बसत होती. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जून १९८५ मध्ये डीओडी-एसटीडी-२१६७ हे मानक जारी केले. खात्यासाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंत्राटदाराने कोणते टप्पे घ्यायचे, प्रत्येक टप्प्याला कोणते दस्तऐवज सादर करायचे, कोणते रिव्ह्यू पार पाडायचे, हे सगळे त्यात बांधून दिले होते. सरकारी खरेदी अधिकाऱ्याच्या जागी बसून पाहिले, तर याचे आकर्षण समजते. कोट्यवधींचे काम बाहेर द्यायचे, तर काय मिळणार हे आधी लिहून हवे, स्पर्धेत निविदा मागवता यायला हव्यात आणि काम कुठवर आले याचा काहीतरी पुरावा हवा. पूर्ण झालेला दस्तऐवज हा असा पुरावा असतो. तो मोजता येतो आणि त्यावर सही करता येते.

सप्टेंबर १९८७ मध्ये संरक्षण खात्याच्याच विज्ञान मंडळाच्या समितीने या रीतीवर टीका केली. अध्यक्ष होते तेच फ्रेडरिक ब्रुक्स. गरजा सुरुवातीलाच पूर्णपणे आणि अचूक लिहिता येतात ही समजूत चुकीची आहे, सॉफ्टवेअर टप्प्याटप्प्याने वाढवत न्यावे आणि वापरणाऱ्यांच्या हातात लवकर द्यावे, असे समितीने सांगितले. तरीही १९८८ ची सुधारित आवृत्ती बरीचशी जुन्याच वळणाची राहिली. खात्याने हे मानक मोडीत काढून नवे, अधिक लवचिक मानक आणले ते डिसेंबर १९९४ मध्ये. तोवर जर्मनीसह इतर देशांच्या मानकांवरही त्याची छाप पडली होती आणि अभियंत्यांच्या एका पिढीने हीच एकमेव शिस्तशीर वाट म्हणून आत्मसात केली होती.

दुसरा प्रवाह

त्या सगळ्या काळात छोट्या फेऱ्यांत काम करणारे लोकही होते. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या मर्क्युरी प्रकल्पात आयबीएमच्या प्रोग्रॅमरांनी अर्ध्या दिवसाच्या फेऱ्या घेतल्या. काही जण आधी टेस्ट लिहीत आणि मग कोड. स्पेस शटलच्या मुख्य उड्डाण सॉफ्टवेअरचे पहिले काम १९७७ ते १९८० या काळात झाले. एकतीस महिन्यांत सतरा फेऱ्या, म्हणजे सरासरी आठ आठवड्यांची एक. यान अजून घडत असताना त्याच्या गरजा बदलत राहणार हे उघड होते, म्हणून ही वाट निवडली गेली. पुढे याच सॉफ्टवेअरची देखभाल करणारा गट जगातल्या सर्वांत काटेकोर गटांपैकी एक म्हणून नावाजला गेला. तिथे एकेक बदल लेखी तपशिलाने बांधलेला असे. माणसांचा जीव ज्यावर अवलंबून आहे, अशा कामात छोट्या फेऱ्या आणि कडक कागदपत्रे एकत्र नांदली.

१९८६ च्या सुरुवातीला हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकांचा लेख हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये आला. होंडा, कॅनन, फुजी-झेरॉक्स, एनईसी अशा कंपन्या नवी उत्पादने इतक्या लवकर कशी बाजारात आणतात, हा त्याचा विषय होता. त्यांना दिसले, की तिथे एक विभाग आपले काम संपवून दुसऱ्याच्या हाती देत नाही. रचना, उत्पादन आणि विक्री यांतली माणसे पहिल्या दिवसापासून एकत्र असतात आणि रग्बीच्या संघासारखी चेंडू आपसांत फिरवत पुढे सरकतात. लेख यंत्रवस्तूंबद्दल होता. त्याचा सर्वाधिक परिणाम मात्र सॉफ्टवेअरवर झाला. व्हिएतनाम युद्धात वैमानिक असलेल्या जेफ सदरलंड यांनी १९९३ मध्ये ईझल कॉर्पोरेशनमध्ये त्यावरून स्फूर्ती घेऊन काम आखले आणि १९९५ मध्ये केन श्वेबर यांच्याबरोबर स्क्रमची जाहीर मांडणी केली. ठरलेल्या छोट्या मुदतीचे स्प्रिंट, रोजची थोडक्यातली बैठक म्हणजे स्टँड-अप, आणि प्रत्येक स्प्रिंटच्या शेवटी चालणारे सॉफ्टवेअर दाखवणारा डेमो.

त्याच सुमारास क्रायस्लर कंपनीच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पावर केंट बेक आणि त्यांचे सहकारी एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगची घडी बसवत होते. दोन प्रोग्रॅमर एका संगणकावर, आधी टेस्ट मग कोड, आणि व्यवसाय जाणणारा ग्राहक टीमच्या शेजारी बसलेला. मे १९९७ मध्ये ती प्रणाली सुमारे दहा हजार कर्मचाऱ्यांचे पगार काढू लागली. उरलेल्यांपर्यंत ती पोचली नाही. २००० मध्ये, डेमलरशी विलीनीकरण झाल्यानंतर, प्रकल्प बंद झाला. ज्या प्रकल्पाने एक पद्धत जगाला दिली, तो स्वतः अपूर्ण राहिला. पद्धतीच्या पुरस्कर्त्यांनीही हे विसरू नये.

११ ते १३ फेब्रुवारी २००१ या तीन दिवसांत अमेरिकेतील युटा राज्यात, स्नोबर्डच्या स्की लॉजमध्ये अशा वेगवेगळ्या पद्धतींचे सतरा पुरस्कर्ते एकत्र आले. त्यांच्यात मतभेद पुष्कळ होते. तरीही चार मूल्यांवर त्यांचे एकमत झाले आणि ती त्यांनी अजाईल जाहीरनाम्यात मांडली. प्रक्रियेपेक्षा माणसे आणि त्यांचा संवाद, सविस्तर दस्तऐवजांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर, करारातल्या घासाघिशीपेक्षा ग्राहकाचा सहभाग, आणि आराखड्याला चिकटून राहण्यापेक्षा बदलाला प्रतिसाद. तुलनेतल्या दुसऱ्या बाजूलाही मोल आहे, हे त्यांनी त्याच जाहीरनाम्यात नमूद केले. रॉइस यांच्या इशाऱ्याचे जे झाले, तेच या वाक्याचेही पुढे झाले. अनेकांनी ते वाचलेच नाही.

पहिला प्रयत्न

स्नोबर्डची बैठक संपून जेमतेम चारेक महिने झाले होते, तेव्हा जून २००१ मध्ये एफबीआयने नव्या सॉफ्टवेअरचे कंत्राट एसएआयसी या कंपनीला दिले. हल्ल्यानंतर काम बदलले. आधी जुन्या प्रणालीला नवा चेहरा द्यायचा बेत होता. आता ती प्रणालीच बदलायची ठरली. नाव पडले 'व्हर्च्युअल केस फाइल'. २००२ मध्ये सहा महिने एजंट आणि अभियंते यांच्या कार्यशाळा झाल्या आणि त्यांतून आठशेहून अधिक पानांचा रिक्वायरमेंटचा दस्तऐवज तयार झाला. प्रणालीने काय करायचे इतकेच नव्हे, तर पडद्यावर कोणते बटण कुठे असावे, इथवरचे तपशील त्यात होते.

एवढे लिहूनही गरजा स्थिरावल्या नाहीत. हल्ल्यानंतर एफबीआयचे कामच बदलत होते. गुन्हा घडल्यावर तपास करणाऱ्या यंत्रणेने आता हल्ला रोखण्यासाठी माहिती जोडायची होती. पडदे पाहिल्यावर एजंटांना नव्या गोष्टी सुचत होत्या. करारात स्पष्ट मैलाचे दगड नव्हते आणि एफबीआयच्या बाजूने प्रकल्पावर देखरेख करणारे अधिकारी वारंवार बदलत होते. शिवाय बेत असा होता, की एका दिवशी जुनी प्रणाली बंद करायची आणि त्याच दिवशी सगळ्या कचेऱ्यांत नवी सुरू करायची. चूक झाली तर मागे फिरायला वाट नव्हती. राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने २००४ मध्ये या बेतावर कडक टीका केली.

डिसेंबर २००३ मध्ये सॉफ्टवेअर हाती आले. एफबीआयने त्यात सतरा मोठे दोष दाखवले आणि ते स्वीकारायला नकार दिला. मग दोषांची यादी लांबत गेली. कंपनीचे म्हणणे, की एफबीआय सतत मत बदलत राहिली. एफबीआयचे म्हणणे, की कंपनीने निकृष्ट काम दिले. दोन्ही आरोपांत तथ्य होते. २००५ च्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सच्या कचेरीत एका छोट्या भागाची चाचणी घेतली गेली आणि त्यानंतर प्रकल्प मोडीत निघाला. सतरा कोटी डॉलर खर्च झाले होते आणि एजंटांच्या टेबलावर तोच हिरव्या अक्षरांचा पडदा होता.

यातली सर्वांत महाग गोष्ट आठशे पाने ही नव्हती. दोन वर्षे कोणालाही खरे सॉफ्टवेअर खऱ्या कामासाठी वापरता आले नाही, हे खरे नुकसान. सगळे शिकणे शेवटी एकदम अंगावर आले. रॉइस यांनी १९७० मध्ये नेमका हाच धोका वर्णिला होता.

दुसरा प्रयत्न

मार्च २००६ मध्ये नवा प्रकल्प सुरू झाला, 'सेंटिनेल'. कंत्राट मिळाले लॉकहीड मार्टिनला. एकूण अंदाज ४२.५ कोटी डॉलर, मुदत डिसेंबर २००९. आधीच्या अपयशातून एफबीआय शिकली होती. काम चार टप्प्यांत वाटले गेले आणि प्रत्येक टप्प्याने एजंटांना काहीतरी उपयोगी द्यायचे ठरले. करार कडक, देखरेख कडक. पारंपरिक पद्धत नीट राबवायचा हा मनापासून केलेला प्रयत्न होता.

पहिला टप्पा जून २००७ मध्ये सुरू झाला. दुसरा रेंगाळला. २०१० मध्ये चाचणीसाठी तो वापरून पाहणाऱ्या एजंटांना इलेक्ट्रॉनिक फॉर्म गैरसोयीचे वाटले. अंदाजपत्रक ४५.१ कोटींवर गेले होते आणि ऑगस्ट २०१० पर्यंत त्यातले ४०.५ कोटी खर्च झाले होते. चारपैकी दोनच टप्पे हाती आले होते. स्वतंत्र मूल्यमापन करणाऱ्या मायटर संस्थेने हिशेब मांडला, की याच वाटेने गेले तर किमान आणखी ३५.१ कोटी डॉलर आणि सहा वर्षे लागतील. एफबीआयला तो अंदाज मान्य नव्हता. तरीही जुलैमध्ये तिने उरलेल्या टप्प्यांचे काम थांबवण्याचा आदेश दिला.

सप्टेंबर २०१० मध्ये निर्णय झाला, की उरलेले काम एफबीआय स्वतःच्या हाती घेईल आणि अजाईल पद्धतीने पूर्ण करील. माहिती तंत्रज्ञान प्रमुख चाड फुल्घम आणि तंत्रज्ञान अधिकारी जेफ जॉन्सन हे दोघेही वॉल स्ट्रीटवरच्या लेहमन ब्रदर्समध्ये काम करून आलेले. त्यांनी टीम छाटली. दोनशेहून अधिक कंत्राटी लोकांच्या जागी चाळीसच्या आसपास राहिले. उरलेल्या गरजा ६७० यूजर स्टोरींमध्ये, म्हणजे वापरणाऱ्याच्या दृष्टीने लिहिलेल्या छोट्या कामांमध्ये, मांडल्या गेल्या. कोणती आधी आणि कोणती नंतर, हे एफबीआय ठरवी. दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट संपे आणि जे चालते ते सर्वांसमोर दाखवले जाई. अर्धवट कामाला श्रेय नव्हते. किती स्टोरी पुऱ्या झाल्या यावरून उरलेल्या कामाचा वेग दिसू लागला आणि पहिल्यांदाच मुदतीबद्दल अनुभवावर आधारलेला अंदाज देता येऊ लागला.

हा प्रवास सरळ झाला नाही. ठरलेली मुदत होती सप्टेंबर २०११. ऑक्टोबरमध्ये शेकडो कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी वापरून पाहण्याची चाचणी झाली, तेव्हा प्रणाली दोनदा बंद पडली. जुने हार्डवेअर हा भार पेलू शकत नव्हते. सॉफ्टवेअर दोन आठवड्यांत बदलता येते, पण यंत्रसामग्रीची खरेदी, तिची क्षमता आणि तिचा पुरवठा यांना आधीच नियोजन लागते. तिथे पारंपरिक शिस्तीची उणीव भासली. मुदत पुन्हा पुन्हा पुढे गेली. अखेर १ जुलै २०१२ रोजी सेंटिनेल सर्व कर्मचाऱ्यांसाठी खुले झाले, तेही ४५.१ कोटींच्या मर्यादेत. २०१४ मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी केलेल्या पाहणीत बहुतेकांनी प्रणालीचा एकंदर फायदा झाल्याचे सांगितले. मात्र सर्चमधून हवी ती माहिती अनेकदा मिळते, असे सर्च वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून कमी लोक म्हणाले. काम पुरे झाले होते, पण निर्दोष नव्हते.

नाव आणि करार

सेंटिनेलची कहाणी अजाईलच्या विजयाची म्हणून सांगितली जाते. माझ्या मते त्या वळणावर दोन गोष्टी एकदम बदलल्या. एक, मुदत दोन आठवड्यांवर आली. दुसरी, चूक कळल्यावर काय बदलायचे हे ठरवण्याचा अधिकार एफबीआयने स्वतःकडे घेतला. पूर्वी प्रत्येक बदल म्हणजे करारातली वाटाघाट होती. आता तो पुढच्या स्प्रिंटच्या यादीतला क्रम होता. यांतली दुसरी गोष्ट नसती, तर पहिलीचा फारसा उपयोग झाला नसता.

ब्रिटनचा अनुभव याला पुष्टी देतो. सहा वेगवेगळ्या सरकारी मदतींची एकच योजना करणाऱ्या 'युनिव्हर्सल क्रेडिट'चे काम २०११ मध्ये सुरू झाले, ते अजाईल पद्धतीने करण्याच्या घोषणेसह. पण मोठ्या पुरवठादारांशी झालेले करार जुन्याच धाटणीचे होते आणि देशभर सुरुवात करण्याची तारीख, ऑक्टोबर २०१३, आधीच जाहीर झालेली होती. २०१३ च्या सुरुवातीला प्रकल्प थांबवून नव्याने मांडावा लागला. त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने तीन कोटी चाळीस लाख पौंडांची माहिती तंत्रज्ञान मालमत्ता निर्लेखित झाल्याची नोंद केली. नंतर लहान टीमने नव्याने बांधलेली सेवा नोव्हेंबर २०१४ मध्ये लंडनच्या सटन भागात मोजक्या लोकांसाठी सुरू झाली आणि तिथून ती वाढत गेली. स्प्रिंट आणि स्टँड-अप पहिल्या वेळीही होते. तारीख, व्याप्ती आणि पैसा हे तिन्ही बांधलेले असताना त्यांच्या हाती बदलण्यासारखे काही उरले नव्हते.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे, आणि तोही कराराच्याच वाटेने येतो. गार्मिशची परिषद झाली त्याच १९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस स्थापन झाली. पुढे अंधेरीच्या सीप्झमध्ये आणि मग पुण्याच्या हिंजवडीत जो उद्योग वाढला, त्याचा ग्राहक समुद्रापलीकडे होता. ज्याला कधी भेटलो नाही, त्याच्यासाठी काम करायचे तर लेखी रिक्वायरमेंट, साइन-ऑफ आणि चेंज रिक्वेस्ट हेच विश्वासाचे साधन. कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने अमेरिकी संरक्षण खात्याच्या पाठबळावर सीएमएम ही परिपक्वतेची मोजपट्टी तयार केली होती. भारतीय कंपन्यांनी तिची पाचवी पायरी गाठण्याची जिद्द धरली आणि जगातल्या लेव्हल ५ केंद्रांत भारताचा वाटा मोठा झाला. त्या शिस्तीनेच या उद्योगाला जगाचा विश्वास मिळवून दिला, आणि त्याबद्दल कृतज्ञ असावे. नंतर क्लायंट अजाईलकडे वळले. टीमही वळल्या. पण कित्येक प्रकल्पांत करार मात्र ठरलेल्या रकमेचा आणि ठरलेल्या व्याप्तीचाच राहिला. अशा ठिकाणी रात्री उशिरा समुद्रापारच्या क्लायंटबरोबर होणारा स्टँड-अप म्हणजे वॉटरफॉलचाच रोजचा हजेरीपट होतो. तिथल्या तरुण अभियंत्यांना दोन्ही पद्धतींचे ओझे उचलावे लागते आणि फायदा एकाचाही मिळत नाही.

मग निवड कशी करायची? बॅरी बोहेम आणि रिचर्ड टर्नर यांनी २००० च्या दशकात या वादाकडे शांतपणे पाहिले आणि पाच गोष्टी तपासायला सांगितल्या. टीम किती मोठी, चूक झाली तर नुकसान किती, गरजा किती वेगाने बदलतात, माणसे किती कुशल, आणि संस्थेची वृत्ती मोकळीकीत काम करण्याची की नियमांत. सेंटिनेलमध्ये गरजा बदलत्या होत्या आणि टीम लहान करता आली, म्हणून छोट्या फेऱ्या लाभल्या. त्याच सेंटिनेलचे हार्डवेअर आधीच्या नियोजनाअभावी कोलमडले. स्पेस शटलच्या अभियंत्यांनी दोन्हींतले हवे ते घेतले. पूल, धरण किंवा मेट्रोचा बोगदा बांधताना जमीन आधीच तपासावी लागते, तिथे दर पंधरवड्याला आराखडा बदलून चालत नाही.

या चार दशकांतून मला एकच कसोटी हाती लागते, आणि कोणत्याही प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी ती लावता येते. आपली चूक आपल्याला किती लवकर दिसेल, आणि दिसली तर दिशा बदलण्याचा अधिकार व पैसा कोणाकडे असेल? उत्तर करारात लिहिलेले असेल, तर आराखडा आठशे पानांचा असो की एका फळ्यावर मावणारा, काम सावरता येते. करार त्याबद्दल गप्प असेल, तर पद्धतीचे नाव बदलून काहीही साधत नाही. म्हणून पद्धतीवर वाद घालण्याआधी निविदा आणि करार लिहिणाऱ्यांनी, मग ते मंत्रालयात असोत की कंपनीच्या खरेदी विभागात, प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसाला त्या टेबलावर जागा द्यावी. रॉइस यांनी १९७० मध्ये हेच मागितले होते. सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या कितीतरी अपयशांची किंमत ती जागा रिकामी ठेवल्याने मोजावी लागली आहे.